चारचौघांचे भय : बैठक की तालीम?

पुणे-नाशिक रस्त्यावरील आळेफाट्याजवळ, जुन्नर तालुक्यातील आळे या गावी, एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या धर्मसभेत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तो हा रेडा. परतीच्या वाटेवर त्याने येथे देह ठेवला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या कथेचा अर्थ सामान्यतः ज्ञानेश्वरांच्या अधिकाराच्या अंगाने लावला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच कथेत आणखी एक चित्र दडलेले आहे. विद्वानांची सभा भरलेली, सर्वांची दृष्टी एका मुक्या जीवावर खिळलेली, आणि आता याने बोलावे अशी अपेक्षा. आळ्यापासून वीस कोसांच्या परिघात, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांत, हा प्रसंग रोज घडत असतो. तेथे मस्तकावर हात ठेवणारे मात्र कोणी नसते.

तास चाललेला असतो. मास्तर प्रश्न विचारतात आणि बोट एका विद्यार्थ्याकडे जाते. उत्तर त्याला ठाऊक असते. वहीत ते लिहिलेलेही असते. परंतु उभे राहताच तोंडाला कोरड पडते, छातीचे ठोके कानात ऐकू येऊ लागतात, चेहरा तापतो, आणि आपला तापलेला चेहरा सगळ्यांना दिसतो आहे या जाणिवेने तो आणखी तापतो. शब्द निघत नाही. मास्तर म्हणतात, ‘बस खाली.’ त्या दिवसापासून तो मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसू लागतो. पुढे महाविद्यालयात तोंडी परीक्षेच्या दिवशी तो ‘आजारी’ पडतो. नोकरीत लागला तर कचेरीतला दूरध्वनी वाजू लागताच टेबलावरून उठून जातो. बँकेच्या खिडकीपाशी, मागे रांग उभी असताना, सही करताना त्याचा हात कापतो आणि सही जुळत नाही. लग्नकार्यात पंगतीला बसण्याऐवजी तो कंबर कसून वाढपी होतो. सगळे त्याच्या सेवाभावाचे कौतुक करतात. वाढणाऱ्याला कोणाशी दोन वाक्यांपलीकडे बोलावे लागत नाही, हे त्याचे त्यालाच माहीत असते.

याला आपण बुजरेपणा म्हणतो आणि विषय संपवितो. मुलगी असेल तर ‘शालीन’ असे प्रशस्तिपत्रही देतो. बुजरेपणा हा काही रोग नव्हे. मितभाषी माणसे जगात असावीतच. परंतु चारचौघांत आपले हसे होईल, आपण उघडे पडू, या भयाने जेव्हा माणूस शिक्षण सोडतो, मुलाखतीचे पत्र येऊनही जात नाही, दुखणे डॉक्टरांना सांगायलाही धजत नाही, तेव्हा त्याला स्वभाव म्हणून चालत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १९०३ च्या सुमारासच समाजातील प्रसंगांच्या भयाची वेगळी नोंद केली होती. १९६६ साली इंग्लंडमध्ये मार्क्स आणि गेल्डर यांनी हे भय इतर भयगंडांहून वेगळे असल्याचे दाखविले आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याचा आरंभ बहुधा वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास होतो. म्हणजे मूल ज्या वयात गावची शाळा सोडून मोठ्या शाळेत जाऊ लागते, नेमके ते वय. उपचार झाला नाही तर हे समाजभय आपोआप क्वचितच ओसरते. वर्षानुवर्षे मुक्काम करते.

या दोन तालुक्यांत त्या वयाला एक विशेष वळण आहे. पूर्वेकडे कालव्याचे पाणी, ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो; नारायणगाव आणि मंचर यांच्या गजबजलेल्या बाजारपेठा. पश्चिमेकडे भीमाशंकर, डिंभे, नाणेघाट यांच्या बाजूला सह्याद्रीच्या कुशीतली महादेव कोळी व ठाकर वस्त्यांची गावे. तेथे पावसावरचा भात आणि रानातला हिरडा यांवर वर्ष काढायचे. पश्चिमेकडचे मूल घोडेगाव, जुन्नर वा मंचर येथे शिकायला उतरते तेव्हा ते आपली बोली बरोबर घेऊन येते. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्या बोलीला हसते. कधी हसणारे विद्यार्थी असतात. कधी, हे मान्य केलेच पाहिजे, मास्तरही असतात. त्यांच्या हसण्यात दुष्टावा असतोच असे नाही. परंतु मूल त्यातून एक धडा शिकते, आणि तो क्रमिक पुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा पक्का बसतो: तोंड उघडले नाही तर हसे होत नाही.

आश्चर्य असे की, वाणीचे वैभव या भूमीला कमी नाही. नारायणगाव ही तर तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारखी कलावती याच गावाचे नाव घेऊन महाराष्ट्रभर गाजली आणि राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान घेऊन आली. सप्ताहाच्या मंडपात टाळ घेऊन उभी राहणारी पोरे तर गावोगाव आहेत. परंतु टाळकऱ्यांच्या रांगेत शंभर कंठांत आपला कंठ मिसळणे वेगळे आणि वर्गात एकट्याने उभे राहून ‘मला हे समजले नाही’ असे म्हणणे वेगळे. फडात नव्याने आलेल्याला पहिल्या रात्री कोणी वगातला राजा करीत नाही, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आधी मागे उभे राहून झील धरायची, मग एखादे वाक्य, मग एखादे सोंग. फजिती झाली तर प्रेक्षक हसतात, सोबतीही हसतात, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा उभे राहावेच लागते. आधुनिक मानसोपचाराने बऱ्याच खटपटीनंतर जी रीत सिद्ध केली ती याहून फार निराळी नाही.

त्या रीतीचा एक उगम न्यूयॉर्कमधील एका बागेत सापडतो. पुढे विख्यात झालेला मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचा असताना स्त्रियांशी बोलण्याच्या भयाने गांजलेला होता. त्याने स्वतःला एक शिक्षा घालून घेतली: ब्राँक्समधील वनस्पती-उद्यानात महिनाभर जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्या शेजारी बसून बोलणे काढायचे. त्याने सांगितलेला हिशेब असा की, अशा एकशेतीस स्त्रियांपैकी तीस उठून निघून गेल्या, शंभरांशी संभाषण झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आली नाही. लौकिक अर्थाने मोहीम पूर्ण फसली. परंतु एलिसचे भय गेले. कारण शंभरदा नकार मिळूनही कोणी त्याला मारले नाही, कोणी पोलिसांना बोलाविले नाही आणि आकाश कोसळले नाही. प्रसंग माणसाला जितके छळतो त्याहून अधिक त्या प्रसंगाविषयीची त्याची समजूत छळते, या जुन्या ग्रीक विचारावर त्याने पुढे आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभारली. साठीच्या दशकात फिलाडेल्फियात आरन बेक यांनी जवळच्याच दिशेने काम केले. मराठी वाचकाला हा विचार परका नाही. कि. मो. फडके यांनी एलिसचा विचार आपल्याकडे आणला व रुजविला. आणि ठाण्यात १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी गीता व संतवाङ्मय यांच्याशी त्याची सांगड घातली.

समाजभयासाठी या पद्धतीला सामूहिक रूप दिले ते अमेरिकेतील रिचर्ड हाइमबर्ग यांनी, ऐंशीच्या दशकात. मराठीत त्याला विचार-वर्तन समूहोपचार म्हणता येईल. सोयीसाठी आपण त्याला ‘तालीम’ म्हणू. सहाएक रुग्ण, दोन उपचारक, आठवड्यातून एकदा अडीच तासांची बैठक, अशा बारा बैठका. प्रत्येकाने आपले भय एका शिडीवर मांडायचे: सर्वांत खाली सोपा प्रसंग, सर्वांत वर असह्य. मग तो प्रसंग तेथेच, त्याच खोलीत उभा करायचा. ज्याला साहेबांशी बोलता येत नाही त्याच्यासाठी गटातला दुसरा साहेब होतो. जिला लोकांदेखत लिहिता येत नाही ती फळ्यावर लिहिते आणि बाकीचे पाहत राहतात. प्रसंगाआधी मनात कोणता विचार येतो तो सांगायचा (‘माझा आवाज कापेल आणि सगळे मला बावळट समजतील’), त्या विचाराची उलटतपासणी करायची, आणि प्रसंगानंतर प्रत्यक्ष काय घडले ते पडताळून पाहायचे. आवाज कापला काय? थोडा कापला. कोणी बावळट म्हटले काय? तिघांच्या ते लक्षातही आले नाही. घरी जाताना आठवडाभराचा अभ्यास दिलेला असतोच: दुकानात जाऊन वस्तू पाहायची आणि न घेता परत यायचे, वर्गात एक प्रश्न विचारायचा.

दुसरा उपाय बैठकीचा. येथे बैठक म्हणजे आसनावरची. इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ या नावाने आज जिचा बोलबाला आहे, ती सजगतेची साधना मुळात याच देशातली. पाली ग्रंथांतील ‘सति’ म्हणजे स्मृती, जागरूकता. श्वास, देह, वेदना, चित्त यांचे येणेजाणे न झगडता पाहत राहण्याचा हा अभ्यास. ब्रह्मदेशात जतन झालेली विपश्यना घेऊन सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. त्यानंतर थोड्याच काळाने, १९७९ साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी बौद्ध साधनेतून धार्मिक भाग वगळून आठ आठवड्यांचा एक वर्ग तयार केला. तो प्रथम दीर्घकालीन वेदनांच्या रुग्णांसाठी होता, पुढे चिंताग्रस्तांसाठीही वापरात आला. येथे विचाराची उलटतपासणी नाही. ‘सगळे मला बावळट समजतील’ हा विचार आला, बरे, आला. छाती धडधडते आहे, धडधडते आहे. विचार हा केवळ विचार आहे, निकालपत्र नव्हे, हे हळूहळू अंगवळणी पडावे, एवढीच अपेक्षा. समाजभयाच्या रुग्णाचे सारे लक्ष स्वतःवर खिळलेले असते: मी कसा दिसतो, माझा हात कापतो काय. ती पकड या अभ्यासाने सैल होते, असा साधकांचा दावा आहे.

या दोहोंत अधिक गुणकारी कोणता? हा प्रश्न श्रद्धेने सोडविण्याचा नाही, आणि तो तसा सोडविला गेलेलाही नाही. कॅनडातील ओटावा येथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्रेपन्न रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. दोन्ही गट सुधारले. मनःस्थिती आणि रोजचे जीवन यांत दोघांची प्रगती सारखीच होती. परंतु प्रत्यक्ष समाजभय कमी होण्यात आणि रोगमुक्त होणाऱ्यांच्या संख्येत तालमीचा गट स्पष्टपणे पुढे होता. २०१० साली डेन्मार्कमध्ये सव्वीस तरुणांवर केलेल्या लहानशा चाचणीत दोन उपायांत ठळक फरक दिसला नाही. २०१३ साली पुन्हा कॅनडातच एकशे सदतीस जणांवर प्रयोग झाला. त्यात सजगतेच्या गटानेही भयाच्या प्रसंगांना सामोरे जाण्याचा सराव केला होता. फक्त तो विचार खोडण्यासाठी नव्हे, तर भय सोबत घेऊन चालण्यासाठी. दोन्ही गट बरोबरीने सुधारले. त्याच वर्षी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शिकेने मात्र समाजभयावर सजगतेचे उपाय सरसकट देऊ नयेत असे सांगितले आणि एकेकट्याला दिल्या जाणाऱ्या विचार-वर्तन उपचाराला पहिला मान दिला. २०१६ साली कॅलिफोर्नियातील एकशे आठ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवडे तालीम, बारा आठवडे बैठक, आणि तिसरा गट नुसता प्रतीक्षेत. तालीम आणि बैठक या दोन्ही गटांना सारखाच गुण आला आणि तो वर्षभर टिकला.

येथे थांबले तर ‘दोन्ही सारखेच, ज्याला जे रुचेल ते घ्यावे’ असे म्हणून मोकळे होता येईल. पुष्कळ लोक तसे म्हणतातही. परंतु त्या शेवटच्या चाचणीत एक बारीक नोंद आहे आणि जुन्नर-आंबेगावच्या मुलासाठी तीच महत्त्वाची वाटते. भय दोन्ही गटांचे कमी झाले. पण लपून केलेली टाळाटाळ तालमीच्या गटात अधिक कमी झाली. लपून केलेली टाळाटाळ म्हणजे काय? तोंडी परीक्षेला जायचे, पण तोंडाशी रुमाल धरून बोलायचे. सभेला जायचे, पण दारापाशी उभे राहायचे. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचा. बोलण्याआधी वाक्य मनात दहादा घोकायचे आणि ते घोकून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असावा. हातातल्या मोबाइलकडे पाहत राहायचे. पंगतीत वाढपी व्हायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हा तर सगळीकडे असतो. आणि त्याला स्वतःला वाटते, रुमाल होता म्हणून निभावले. रुमालावाचूनही निभावले असते, हे त्याला कधी कळतच नाही. मग भयाची मुळी तशीच राहते.

बैठकीच्या मार्गातला धोका हाच आहे. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात बहुतेक सर्व काळ मौन पाळायचे असते. नजरेला नजरही द्यायची नसते. ज्याला माणसांशी बोलण्याचे भय आहे त्याला यात काही कठीण वाटत नाही. इतरांना जाचणारे मौन त्याला माहेरासारखे वाटते. त्याची खरी परीक्षा मौन सुटते त्या दिवशी, जेवणाच्या रांगेत सुरू होते. शिबिराचा हेतू वेगळा आहे, तो समाजभयाचा उपचार असल्याचे कोणी सांगितलेले नाही, म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु वर्गात न बोलणाऱ्या मुलाला ‘रोज वीस मिनिटे डोळे मिटून बस, सगळे ठीक होईल’ असा सल्ला देणाऱ्या हितचिंतकांनी याचा विचार केला पाहिजे. डोळे मिटण्यात तो आधीच तरबेज आहे.

आणि मूळ परंपरा एवढी एकांगी नव्हती. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री येथे, प्राचीन बौद्ध लेण्यांचा जो मोठा समूह आहे तो पाहताना भिक्षूच्या एकेकट्या कोठडीकडेच पाहणाऱ्याचे लक्ष जाते: दगडी ओटा, अंधार, शांतता. पण लेण्याद्रीला आज जेथे गिरिजात्मज गणपतीचे देऊळ आहे ते मूळचे विहारलेणे नीट पाहावे. कोठड्या तिन्ही बाजूंनी आहेत आणि त्यांची सर्व दारे मधल्या एका प्रशस्त मंडपात उघडतात. कोठडीतून बाहेर पडायचे म्हणजे सर्वांच्या दृष्टीसमोर यायचे. विनयाच्या नियमांनुसार भिक्षूंनी दर पंधरवड्याला एकत्र जमून नियमांचे पठण करायचे आणि आपले दोष सांगायचे. वर्षावास संपताना तर ‘पवारणा’ नावाचा विधी असे. प्रत्येक भिक्षूने संघापुढे बसून विनंती करायची की, माझ्या हातून झालेले जे दोष तुम्ही पाहिले असतील, ऐकले असतील, वा ज्यांची तुम्हांला शंका आली असेल, ते मला सांगा. समाजभयाने पछाडलेल्या माणसाला याहून भयंकर प्रसंग कल्पिता येणार नाही. आणि हाइमबर्गच्या शिडीची सर्वांत वरची पायरी याहून वेगळी काय असणार? म्हणजे बैठकीची ही साधना ज्यांनी जपली त्यांनी तालीमही सोडली नव्हती. आधुनिक वर्गांनी साधना उचलली, मंडप बहुधा कोठडीतच विसरला.

तरीही तालमीच्या बाजूने निकाल देऊन स्वस्थ बसता येत नाही. तिच्या पोटातही एक अडचण आहे आणि ती याच प्रदेशात अधिक जाणवेल. ‘सगळे हसतील’ या विचाराची उलटतपासणी करताना उपचारक विचारतो, पुरावा काय? ओटावातल्या रुग्णापाशी बहुधा पुरावा नसतो. पश्चिम पट्ट्यातून आलेल्या मुलापाशी तो असतो. तो दिवस, वार, हसणाऱ्याचे नाव, सगळे सांगू शकतो. त्याचे भय फुगलेले असेल, पण ते हवेतून आलेले नाही. एलिस यावर म्हणेल की, हसले तरी काय झाले? ते वाईट आहे, पण सर्वनाश नव्हे. उत्तर खरे आहे. परंतु ते हसणाऱ्यांच्या बाजूला बसलेल्या माणसाने हसे झालेल्या मुलाला ऐकविले तर त्यात उपचार कमी आणि उद्धटपणा अधिक होतो. येथे सजगतेचा मार्ग अधिक सभ्य ठरतो. तो मुलाला ‘तुझा समज चुकीचा आहे’ असे म्हणत नाही. भय खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवून, छाती धडधडत असतानाच एक वाक्य बोलून टाक, एवढेच तो मागतो. २०१३ च्या चाचणीतल्या गटाने साधारण हेच केले होते. या दोन तालुक्यांसाठी एक उपाय निवडायचाच तर तो हा जोडउपाय असावा: पाया तालमीचा, बैठक तिच्या मदतीला, बैठक एकटीच कधीही नाही.

मात्र दुसरे एक काम कोणत्याही गटाच्या बाहेरचे आहे. हसणारा वर्ग जागच्या जागी ठेवून एका मुलाला बारा आठवडे शिकवून परत त्याच बाकावर बसविणे, म्हणजे ज्वर उतरवून रोग्याला पुन्हा डबक्याकाठी झोपविण्यासारखे आहे. बोलीला हसू नये हे वर्गाला एकदा सांगून पुरत नाही. मास्तरांनी स्वतः त्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहिले, भाताच्या आणि हिरड्याच्या शब्दांचा अर्थ त्याच मुलाला विचारला, म्हणजे काही काळ तो ज्ञानी आणि बाकीचे विद्यार्थी होतात. यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. उत्तर आले नाही म्हणून ‘बस खाली’ म्हणण्यापूर्वी दहा अंक मोजावेत. संबंध वर्गापुढे बोलविण्यापूर्वी शेजाऱ्याशी, मग चौघांत, मग वर्गात, अशी पायरी ठेवावी. आणि जो बोलला त्याचे वाजवीपेक्षा जास्त कौतुक करू नये, कारण टाळ्यांनीही सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच वळतात. हा उपचार नव्हे, पण उपचाराची गरज पुष्कळांच्या बाबतीत यामुळेच पडणार नाही.

ज्यांना ती पडते त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या मनोविकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्क्यांपर्यंत आहे. समाजभयाचा रुग्ण तर त्यांतही शेवटचा. कारण मदत मागणे हेच त्याचे दुखणे. रांगेत उभे राहून खिडकीवर आजाराचे नाव सांगणे त्याला जमत असते तर तो आजारीच नसता. अशा माणसाला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक एक बरे दार आहे. तो विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते, आणि समोर चेहरा नसतो. दूरध्वनीचेच भय असलेल्याला तोही चढ वाटेल. पण शिडीची पहिली पायरी म्हणून तो चढण्याजोगा आहे.

समूहोपचाराची मोठी सोय म्हणजे दोन उपचारक सहा जणांना पुरतात. तज्ज्ञ थोडे आणि गरजू फार अशा ठिकाणी हा हिशेब दुर्लक्षिण्यासारखा नाही. गैरसोय अशी की तालुक्याच्या गावी सहा अनोळखी माणसे मिळणे कठीण. ओटावात गटातले सोबती बारा आठवड्यांनी शहरात विरून जातात. घोडेगावात गटातला एक दुसऱ्याचा चुलत मेहुणा निघतो, तिसऱ्याची बहीण चौथ्याच्या गावात दिलेली असते, आणि ‘तो कुठल्या तरी वेड्यांच्या वर्गाला जातो’ ही बातमी सोमवारच्या बैठकीतून निघून मंगळवारी पारावर पोहोचलेली असते. म्हणून आंबेगावच्या मुलांचा गट जुन्नरला आणि जुन्नरच्यांचा मंचरला भरवावा लागेल. वर्गाला ‘संभाषण-सराव’ असे साधे नाव द्यावे लागेल, आणि मुलाखतीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्यात घेतले तर कोण कशासाठी आला हे कोणाला कळणार नाही. मुलींचा गट आरंभी तरी वेगळा ठेवावा लागेल. दोन उपचारकांपैकी एक तज्ज्ञ असावा. दुसरा त्याच्या देखरेखीखाली शिकलेला स्थानिक शिक्षक चालेल, आणि तो पश्चिम पट्ट्यातली बोली जाणणारा असेल तर अधिक बरे. पहिल्या बैठकीत कोणालाही बोलायला लावू नये. आपले नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून, ती शेजाऱ्याने वाचून दाखविली तरी पुरे. दुसऱ्या आठवड्यात ती चिठ्ठी ज्याची त्याने वाचावी.